बुलेट सैल बसली तर क्रिंप घट्ट करू नका

माननीय संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत पिस्तुल नेमबाजीच्या छंदावर जे पान आलं ते मी दोनदा वाचलं, आवडलं पण, कारण या विषयावर मराठीत सहसा कोणी लिहीत नाही आणि लिहिलं तरी पदकांच्या पुढे जात नाही. पण त्याच पानावर घरी काडतुसं भरणाऱ्यांसाठी एक चौकट होती आणि त्यात एक ओळ होती की बुलेट पुंगळीत सैल वाटली तर क्रिंप, म्हणजे पुंगळीच्या तोंडाची आवळलेली कड, अजून थोडी घट्ट करावी. ही ओळ चुकीची आहे. नुसती चुकीची असती तर मी पत्र लिहिलं नसतं, पण ती वाचून कोणीतरी खरंच तसं करेल आणि ते काडतूस पिस्तुलात घालून डोळ्यांपासून हातभर अंतरावर उडवेल म्हणून लिहायला बसलो. पत्र लांबलंय, सांभाळून घ्या, पण या विषयात अर्धवट सांगणं हाच मोठा धोका आहे.

आधी शब्दांचं बघू. बातम्यांमध्ये सगळ्यालाच गोळी म्हणतात त्यामुळे गोंधळ होतो. अख्खं भरलेलं असतं ते काडतूस, त्यातलं पितळेचं नळकांडं म्हणजे पुंगळी, पुंगळीच्या तोंडात बसवलेलं शिशाचं किंवा तांब्याच्या कवचाचं टोक म्हणजे बुलेट, बुडाशी पावडर पेटवणारा प्रायमर आणि आत पावडर. एकदा उडवलेली पुंगळी डायमध्ये, म्हणजे प्रेसवर बसवलेल्या साच्यात, दाबून परत मापात आणायची (हे साईझिंग), नवीन प्रायमर, नवीन पावडर, नवीन बुलेट बसवायची, यालाच रिलोडिंग म्हणतात. मोजमापं सगळी इंचात चालतात, इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ, लेथवर काम केलेल्या कोणालाही हा शब्द माहीत असेल. एक थाऊ म्हणजे मिलिमीटरचा साधारण चाळिसावा भाग. सैल आणि घट्ट यातला सगळा फरक अशा दोन चार थाऊंचा असतो हे डोक्यात ठेवलं की पुढचं सोपं जाईल.

आता सैल बुलेटने होतं काय. सेमी ऑटोमॅटिक पिस्तुलात स्लाईड पुढे येते तेव्हा मॅगझिनमधलं वरचं काडतूस ढकललं जातं, बुलेटचं नाक फीड रॅम्पवर, म्हणजे बॅरलच्या मागच्या तोंडाशी असलेल्या उतारावर, आपटतं आणि मग ते वर चढून चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस जिथे बसून उडतं त्या बॅरलच्या मागच्या भागात, जातं. स्प्रिंग जोरदार असते, धक्का चांगलाच बसतो. पुंगळीची पकड नीट असेल तर बुलेट जागची हलत नाही, पकड सैल असेल तर ती आत सरकते, यालाच सेटबॅक म्हणतात. आत सरकली म्हणजे पावडरला जळायला जी जागा होती ती कमी झाली, आणि पिस्तुलाची पावडर झपाट्याने जळणारी असते, जागा थोडी कमी झाली की दाब थोडा वाढत नाही, उसळतो. ९ एमएम काडतुसाची पुंगळी मुळातच जेमतेम ०.७५४ इंच लांब, त्यात बुलेटने बरीच जागा आधीच खाल्लेली असते, म्हणजे ती दोन मिलिमीटर आत गेली तर उरलेल्या जागेचा केवढा हिस्सा गेला बघा. ९ एमएमच्या कमाल दाबाची मर्यादा अमेरिकेतल्या सॅमी या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने ३५,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) ठेवलीय, ४५ एसीपी या काडतुसाची फक्त २१,००० आहे आणि तिची पुंगळी पण ऐसपैस, त्यामुळे ४५ भरणारे लोक कधीकधी निष्काळजी होतात आणि मग तीच सवय ९ एमएमवर किंवा १९९० साली आलेल्या ४० एस अँड डब्ल्यूवर घेऊन जातात, जिथे मर्यादा ३५,००० ची आणि हलगर्जीपणाला जागाच नाही. लोड मॅन्युअलमध्ये, म्हणजे भरायच्या मापांच्या पुस्तकात, जो पावडरचा आकडा असतो तो एका ठरावीक लांबीच्या काडतुसासाठी असतो, लांबी बदलली की तो आकडा तुमचा राहत नाही.

माझ्यावर हे बेतलं होतं म्हणून एवढ्या कळकळीने लिहितोय. रिलोडिंग सुरू करून मला वर्षभर झालं असेल, एक दिवस प्रेसवरून काढलेलं काडतूस हातात धरलं आणि अंगठ्याने बुलेट दाबून बघितली तर ती चक्क आत गेली, फार नाही, पण डोळ्याला दिसेल इतकी. मी घाबरलो आणि तेच केलं जे तुमच्या चौकटीत लिहिलंय. क्रिंप डाय पाव आटा खाली घेतली. पुढचं काडतूस बघितलं, अजून सैल. अजून पाव आटा. आता तर बुलेट बोटांनी गोल फिरवता येत होती. मला वाटलं डायच खराब आलीय, चार दिवस त्याच विचारात गेले, नवीन डाय मागवायच्या बेतात होतो. मग रेंजवर एक ज्येष्ठ नेमबाज आहेत, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो, त्यांना चार काडतुसं दाखवली. त्यांनी एकही प्रश्न न विचारता म्हणलं, "बुलेट बाहेर काढून मोजलीस का?" नव्हती मोजली. घरी जाऊन पुलरने, म्हणजे बुलेट काढायच्या अवजाराने, काढली, मायक्रोमीटर लावला, तर ०.३५५ ची बुलेट क्रिंपच्या जागी ०.३५१ झालेली, मधोमध बारीक कंबर पडल्यासारखी. म्हणजे मी पितळ घट्ट करत नव्हतो, बुलेट बारीक करत होतो.

याचं कारण एकदा समजलं की माणूस आयुष्यात परत ती चूक करत नाही. पितळ लवचिक असतं, दाबलं की दबतं आणि सोडलं की किंचित मागे येतं. शिसं तसं नाही, दाबलं की दबलेलंच राहतं, आणि वरचं तांब्याचं कवच पण शिशाबरोबर जातं. क्रिंप डायने तोंड जोरात आवळलं तेव्हा पितळ आणि बुलेट दोन्ही आत दबले, डाय वर गेली तसं पितळ थोडं बाहेर आलं, बुलेट आली नाही. मध्ये फट पडली. जितकं जास्त आवळाल तितकी फट मोठी. म्हणून क्रिंप वाढवली की बुलेट अजून सैल होते, हा माझा अनुभव म्हणून नाही तर धातूचा स्वभाव म्हणून सांगतोय. प्लेटेड बुलेटवर तर याहून वाईट, तांब्याचा थर पातळ असतो तो कापला जातो आणि नेम पण बिघडतो.

मग बुलेटला धरून ठेवतं कोण, तर पुंगळीची भिंत. साईझिंग डायमधून पुंगळी निघते तेव्हा तिचं आतलं माप बुलेटपेक्षा काही थाऊ कमी झालेलं असतं, बुलेट आत जाताना ती भिंत ताणली जाते आणि ताणलेल्या रबरासारखी बुलेटच्या अख्ख्या लांबीला धरून बसते. चांगल्या काडतुसावर बुलेटचं बूड जिथे संपतं तिथे पुंगळीला बाहेरून हलकीशी कंबर दिसते, उजेडात तिरपं धरून बघा, ती कंबर म्हणजे पकडीची खूण. क्रिंप फक्त तोंडाच्या टोकाला असते, केसभर रुंदीची. अख्खी भिंत जे काम करत नाहीये ते काम तोंडाची कड करेल अशी अपेक्षा ठेवणंच चूक.

तर सैल बुलेटचा शोध तोंडापासून नाही, सुरुवातीपासून घ्यायचा. काकांनी मला जी पद्धत सांगितली ती मी आजही वापरतो. एक पुंगळी घ्या, साईझ करा, आणि एक्सपांडर, म्हणजे तोंड फुलवणारा दट्ट्या, लावूच नका. तोंड न फुलवता तिच्यात हाताने बुलेट घालून बघा. जायला नकोच. तोंडावरच अडून बसली तर साईझिंग आणि पुंगळी दोन्ही ठीक आहेत, दोष पुढे कुठेतरी आहे. पण इथेच बुलेट हाताने आत घुसत असेल तर एक्सपांडर आणि क्रिंप यांचा काही संबंध नाही, एकतर साईझिंग डाय चुकीची, किंवा पुंगळीची भिंत पातळ, किंवा बुलेट मापात लहान. या एका चाचणीने अर्धं जंगल साफ होतं, दोन मिनिटं लागतात, पैसे लागत नाहीत, आणि तरी बहुतेक लोक ती न करता थेट क्रिंप डायला हात घालतात, मीही घातला होता.

माझ्या बाबतीत बुलेट तोंडावर अडली. म्हणजे दोष एक्सपांडरमध्ये. एक्सपांडर म्हणजे तो दट्ट्या जो पुंगळीचं तोंड किंचित फुलवतो, म्हणजे बुलेट सरळ बसते आणि तिचं शिसं खरवडलं जात नाही. हा दट्ट्या बुलेटपेक्षा साधारण दोन ते तीन थाऊ बारीक असायला हवा. मी मोजला तर माझा ०.३५५ भरला, म्हणजे थेट बुलेटच्या मापाचा. कारण तो ९ एमएमचा नव्हताच, ३८ स्पेशलच्या डाय सेटमधला होता. ३८ ची जॅकेटेड, म्हणजे तांब्याच्या कवचाची, बुलेट ०.३५७, तिच्यासाठी तो दट्ट्या बरोबर, ९ एमएमसाठी जाड. दोन्ही सेट एकदम उघडून साफ केले होते तेव्हा अदलाबदल झाली असणार. आणि यात फसवं काय तर तो दट्ट्या घातल्यावर पण पितळ थोडं मागे येतंच, त्यामुळे बुलेट गळून पडत नाही, बसते, बघायला ठीक दिसते, फक्त पकड नसते. गळून पडली असती तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. म्हणून माझं सांगणं आहे की दट्ट्यावर खूण कुठली आहे ते बघू नका, मायक्रोमीटर लावा. दट्ट्या योग्य मापाचा असेल पण तो फार खोल उतरवलेला असेल तरी तोंड कर्ण्यासारखं उघडतं आणि पकडीची जागा जाते, तोंड फक्त इतकंच उघडायचं की बुलेटचं बूड त्यावर टेकून सरळ उभं राहील, त्यापुढे एक थाऊ पण नको.

पुंगळ्यांचं प्रकरण जरा लांब आहे. रेंजवरून गोळा केलेल्या पुंगळ्या दहा ठिकाणच्या असतात, प्रत्येकाच्या पितळेची जाडी वेगळी. तोंडाशी भिंत कुणाची १० थाऊ तर कुणाची १२. तुम्ही म्हणाल दोन थाऊने काय होतंय, पण भिंती दोन बाजूंना आहेत, डाय बाहेरून सगळ्यांना एकाच मापाला आणते, म्हणजे आतल्या मापात फरक पडला चार थाऊंचा, आणि आपली सगळी पकडच दोन चार थाऊंची. पातळ भिंतीच्या पुंगळीत ती अख्खी पकड गायब. त्यामुळे ढिगातली काही काडतुसं घट्ट आणि काही सैल असं होत असेल, म्हणजे सगळी सैल नाहीत, तर पहिला संशय मिसळलेल्या पुंगळ्यांवर घ्या. बुडावरचे शिक्के बघून वेगवेगळे डबे करा, ज्या शिक्क्याच्या सतत सैल निघतात तो शिक्का बाजूला ठेवून द्या, वाईट वाटून घेऊ नका.

दुसरं म्हणजे पितळ म्हातारं होतं. वारंवार उडवलेलं, दाबलेलं, फुलवलेलं पितळ कडक होत जातं, आणि कडक पितळ डायमधून निघाल्यावर जास्त मागे येतं, म्हणजे आतलं माप मोठं राहतं. बुलेटवर आवळून बसायचा गुण गेलेला असतो. अशा पुंगळ्यांच्या तोंडाला बारीक तडे पण जातात, आणि निकेलचा मुलामा असलेल्यांना लवकर जातात. तडा डोळ्याला दिसेलच असं नाही पण कानाला कळतो. मूठभर रिकाम्या पुंगळ्या हातात घेऊन खुळखुळवा, चांगल्या पितळेचा आवाज खणखणीत येतो आणि तडकलेली एक जरी असली तरी तिचा आवाज बद्द येतो, मडकं वाजवून बघतात तसंच. सवय झाली की पन्नासातून एक बरोबर शोधून काढता येते. तडकलेल्या तोंडात बुलेट कधीच टिकणार नाही, ती पुंगळी पक्कडने चेपून टाका म्हणजे चुकून परत ढिगात जाणार नाही.

बुलेटबद्दल एवढंच की डब्यावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, दहा बुलेट मोजा. ९ एमएमला जॅकेटेड ०.३५५, साधं ओतलेलं शिसं असेल तर बहुतेक जण ०.३५६ वापरतात. व्हर्नियरवर एखाद्या थाऊचा फरक नक्की कळत नाही, जबड्यावर जोर थोडा जास्त पडला की आकडा बदलतो, त्यामुळे इथे मायक्रोमीटरच पाहिजे. चार बुलेट ०.३५४ आणि त्याखाली भरल्या तर तो डबा बदलून घ्या.

साईझिंग डायबद्दल एक गैरसमज फार आहे. डाय शेलहोल्डरला, म्हणजे प्रेसवर पुंगळीचं बूड धरणाऱ्या भागाला, टेकेपर्यंत खाली आली नाही म्हणून बुलेट सैल बसली असं लोक सांगतात. डाय पूर्ण खाली यायलाच पाहिजे यात वाद नाही, पण कार्बाईड या अतिशय कठीण पदार्थाची, पुंगळी दाबणारी रिंग डायच्या तळाशी असते आणि त्या रिंगमधून पुंगळीचं तोंड सगळ्यात आधी जातं, डाय थोडी वर राहिली तर बुडाकडचा भाग दाबायचा राहून जातो, तोंडाकडचा नाही. त्याने काडतूस चेंबरमध्ये अडकेल, बुलेट सैल व्हायचं ते कारण नव्हे. रिंगच तडकलेली असेल किंवा मुळात मोठ्या मापाची बनलेली असेल तर मात्र प्रत्येक पुंगळी सैल निघते, आणि वर सांगितलेल्या चाचणीत ते लगेच उघडं पडतं. तशी डाय आटे फिरवून सुधारत नाही, बदलायची.

आणि वंगण. कार्बाईड डायला सरळ पुंगळीसाठी वंगण लागत नाही, तरी हँडल हलकं चालावं म्हणून बरेच जण स्प्रे मारतात, मीही मारतो. पण ते तोंडातून आत गेलं आणि तसंच राहिलं तर आतली भिंत गुळगुळीत होते, पकड घसरते, शिवाय पावडर चिकटते ते वेगळंच. भरायच्या आधी पुसून वाळवून घ्या.

आता इतकं सगळं झाल्यावर क्रिंपचं काम काय उरलं, तर एक्सपांडरने जे तोंड फुलवलं होतं ते परत सरळ करणं, बस. ९ एमएम, ४५ एसीपी, ४० एस अँड डब्ल्यू ही सगळी काडतुसं चेंबरमध्ये पुंगळीच्या तोंडाच्या कडेवर टेकतात, ती कड जास्त आत वळवली तर काडतूस गरजेपेक्षा खोल जातं आणि फायरिंग पिन कधी पोचते कधी पोचत नाही. म्हणून इथे टेपर क्रिंप, म्हणजे कड आत न वळवता तोंड निमुळतं दाबणारी, तीही हलकी. हिशेब साधा आहे, बुलेट ०.३५५, दोन बाजूंना ११ थाऊच्या भिंती, झाले ०.३७७. तोंडाचं बाहेरचं माप या आकड्याच्या आसपास आलं आणि ०.३८० च्या कमाल मर्यादेच्या आत राहिलं की क्रिंप झाली. आपल्या पुंगळीची जाडी मोजून हा हिशेब स्वतः करा, दुसऱ्याचा आकडा उचलू नका. मग पिस्तुलाची बॅरल काढून हातात धरा आणि डमी काडतूस सोडा, टप आवाज करून पूर्ण आत बसलं पाहिजे आणि बॅरल उलटी केली की आपलं आपण बाहेर पडलं पाहिजे. अजून एक, बुलेट बसवणं आणि क्रिंप एकाच डायमध्ये एकाच वेळी करायचं टाळा, कारण बुलेट अजून खाली जात असते तेवढ्यात तोंड आवळायला लागतं, शिसं खरवडून निघतं. दोन वेगळ्या डाय, दोन वेगळी कामं.

रिव्हॉल्व्हरवाल्यांचं गणित वेगळं आहे हे मान्य, कदाचित तुमच्या चौकटीतली ओळ तिथूनच आली असेल. रिव्हॉल्व्हरच्या धक्क्याने काडतुसं मागे खेचली जातात आणि न उडालेल्या काडतुसांतल्या बुलेट जागच्या जागी राहायला बघतात, म्हणजे पुंगळीतून पुढे निघतात, फारच निघाल्या तर सिलिंडर फिरायचा थांबतो. तिथे बुलेटला खाच असते, तिला कॅनेल्युअर म्हणतात, त्या खाचेत पुंगळीची कड वळवून बसवायची म्हणजे रोल क्रिंप. ३५७ मॅग्नमसारख्या जोरदार काडतुसाला ती लागतेच. पण तिथेसुद्धा आधी भिंतीची पकड आणि मग क्रिंप, पकड नसेल तर नुसती रोल क्रिंप फार काळ साथ देत नाही.

सगळं लागल्यावर खात्री कशी करायची. पाच सहा डमी बनवा, प्रायमर नाही, पावडर नाही, नुसती पुंगळी आणि बुलेट, आणि पुंगळीला बाजूने एक भोक पाडून ठेवा म्हणजे खऱ्यात मिसळायची भीती नाही. प्रत्येकाची लांबी मोजून लिहा. मग टेबलाच्या कडेला बुलेटचं नाक टेकवून दोन्ही अंगठ्यांनी पुंगळी जोरात दाबा आणि परत मोजा. आकडा हलायला नको. मग त्याच डमी मॅगझिनमध्ये भरून स्लाईड पूर्ण जोराने सोडा, हाताने हळूच पुढे नेऊ नका, त्यात काही कळत नाही. तीन चार वेळा चेंबर करून परत मोजा. एक दोन थाऊ इकडे तिकडे झालं तर मी मनाला लावून घेत नाही, पाच थाऊ गेलं तर परत पहिल्यापासून. हे खऱ्या काडतुसांवर घरात करू नका, कृपा करून.

आणि आधीच भरून ठेवलेली सैल काडतुसं? त्यांचं काय करायचं हे मला सगळ्यात जास्त विचारलं जातं, कारण शंभर दीडशे काडतुसांची मेहनत कुणाला टाकवत नाही. उडवायची नाहीत. परत क्रिंप डायमधून काढायची नाहीत, कारण काय होतं ते वर सांगितलंच. आत गेलेली बुलेट ओढून मापात आणून वापरायची नाही, कारण जी एकदा सरकली ती रॅम्पवर पुन्हा सरकणार. डोळ्यांवर चष्मा लावून, हातोड्यासारखा इनर्शिया पुलर मिळतो तो वापरून एकेक सोडवायची, पक्कड लावून ओढायचं धाडस करू नये. निघालेली पावडर मी डब्यात परत टाकत नाही. मी त्या वेळची माझी सगळी, ऐंशीच्या वर होती, एका रविवारी बसून सोडवली, संध्याकाळपर्यंत मनगट दुखत होतं.

जे रिलोडिंग करत नाहीत, फक्त लायसन्सचं पिस्तुल बाळगतात, त्यांच्यासाठी पण यात एक गोष्ट आहे. कारखान्याच्या काडतुसात पण सेटबॅक होतो. रोज रात्री पिस्तुल खाली करायचं आणि सकाळी तेच वरचं काडतूस परत चेंबर करायचं असं महिनोन्महिने चाललं तर ते एकच काडतूस रोज रॅम्पवर आपटतंय. नवीन डब्यातलं एक काडतूस शेजारी उभं करून लांबी डोळ्याने ताडून बघा, बुटकं दिसलं तर ते वापरातून काढा.

घरी काडतुसं भरणं काही देशांत चालतं, काही ठिकाणी वेगळा परवाना लागतो आणि काही ठिकाणी पूर्ण बंदी आहे, तेव्हा आपल्याकडचा कायदा आधी बघावा, ही गोष्ट तुमच्या चौकटीत नव्हती, ती पण असायला हवी होती.

माझी विनंती एवढीच आहे की येत्या रविवारी त्याच पानावर, शक्य झालं तर त्याच जागी, ती ओळ चुकीची होती असं स्पष्ट छापावं आणि तिच्या जागी एवढं जरी लिहिलं तरी पुरे की बुलेट सैल असेल तर भरणं थांबवा, एक्सपांडर न लावता पुंगळीत बुलेट घालून बघा आणि बुलेट, दट्ट्या, भिंत तिन्ही मोजा. माझं अख्खं पत्र छापायला जागा नसेल तर नका छापू, ती दुरुस्ती मात्र छापा.

आपला,
एक जुना वाचक आणि नेमबाज